बंडीच्या पाठीवरचा खिसा

९ एप्रिल १९८४, सोमवार

होळीच्या आधीपासून ही वही उघडली नाही. कारणं देता येतील: प्रात्यक्षिक परीक्षा, पेपर तपासणी, कूलरची दुरुस्ती. पण खरं सांगायचं तर रात्री जेवण झालं की मी लिहायला बसतो आणि तसाच बसून राहतो. शेवटची नोंद आज पाहिली. वाक्य अर्ध्यावर सुटलंय आणि पेनाची रेघ घसरत घसरत पानाबाहेर गेली आहे. पंचेचाळिशीनंतर सगळेच प्राध्यापक असे थकत असावेत. इथे माफी द्यायला दुसरं कुणी नाही, म्हणून मीच मागतो आणि मीच देतो.

आज लिहायला बसलो ते काल विहारात जे झालं त्यामुळे.

बा एकाहत्तर वर्षांचा आहे. मिलच्या विणकाम खात्यातून निवृत्त झाला आणि आमच्या सक्करदऱ्याच्या वस्तीतला विहार उभा राहिला तेव्हापासून रविवारची वंदना तोच सांगतो. वंदनेनंतरची आनापानाची बैठकही तोच घेतो. डोळे मिटून बसायचं आणि येणारा-जाणारा श्वास नुसता पाहायचा, एवढंच. काल पाहता पाहता बा घोरू लागला. पोट्टे फिदीफिदी हसले. मग घोरणं अचानक थांबलं. हसणंही थांबलं, कारण ती शांतता बरी वाटेना. तेवढ्यात बा एकदम दचकला, बुडणाऱ्याला वर ओढावं तसा, आणि म्हणाला, "श्वास पाहा." पुन्हा हशा.

बाहेर चपला घालताना समितीचे अध्यक्ष गणपतराव म्हणाले, "कवडूबा, बुद्ध जागा झाला म्हणून त्याले बुद्ध म्हणतेत. तुमी तं उलटंच करून राहिले."

बाही हसला. घरी आल्यावर मात्र चहाही न घेता बाजेवर जाऊन बसला.

बा रात्री झोपत नाही हे साऱ्या वस्तीला माहीत आहे, आणि आदराने माहीत आहे. तो बाजेवर मांडी घालून बसलेला असतो. "कवडूबा रातभर ध्यानात रायते," असं बाया पोरांना सांगतात. मीही कॉलेजात सांगितलं आहे, थोड्या अभिमानाने. मग ध्यानात तो झोपतो कसा?

१५ एप्रिल, रविवार

काल जयंतीची मिरवणूक. बा ट्रकवर बसल्या बसल्या, कानठळ्या बसवणाऱ्या ढोलताशांत, झोपला. आज गणपतराव घरी आले. चहा घेतला, बशीतली शेव संपवली, मग विषयाला हात घातला.

"सर, राग मानू नका. पंधरा मेले बुद्ध पौर्णिमा. बाहेरगावचे भंतेजी येऊन राहिले. तवा कवडूबा घोरले तं?"

"मग कुणाला सांगणार आहात?"

"आपल्या वस्तीतला पोट्टा श्रीधर हाय ना. आवाज बी चांगला हाय."

बा आतून ऐकत होता. दारात येऊन म्हणाला, "गणपत, पौर्णिमेलोग थांब. तवा झोपलो तं मी सोताहून उठतो आन मांगं जाऊन बसतो. मंग तू बोलावलं तरी नाही येत."

गणपतराव त्याच्या पायाशी वाकून गेले. माणूस वाईट नाही. पण बाचं पुढे बसणं गेलं तर काय उरेल याचा विचार मी करू लागलो आणि थांबलो. आई गेल्यावर आठवड्याचे सहा दिवस बा त्या सातव्यासाठीच आंघोळ करतो असं शोभा म्हणते. माझी बायको गमतीत बोलते, पण चुकीचं क्वचितच बोलते.

संध्याकाळी चौकातल्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय झालं, रातपाळ्यांची सवय आहे. झोपेची गोळी लिहून दिली. मला पटलं. इतकं सोपं उत्तर इतक्या लवकर का पटलं, हे स्वतःला विचारायला हवं होतं.

१९ एप्रिल, गुरुवार

गोळीने बा बिघडला. सकाळी तोंड जड, बोलणं चिखलातून आल्यासारखं. हातातला तांब्या पडला. तरी म्हणतो, "मले झोप लागलीच नाही गा." मी म्हटलं, "बा, तू घोरत होता." तर म्हणाला, "मी जागा होतो. तुले काय मालूम, तू तं मेल्यावानी पडून रायतं."

पण आज दुपारी जे पाहिलं ते आधी लिहून ठेवतो.

पेपर तपासायला घरी होतो. कूलरसमोर बा बाजेवर उताणा झोपला. मी सहज त्याच्या छातीकडे पाहिलं. घोरणं चाललेलं, मग बंद. पण छाती बंद नव्हती! ती वरखाली होत होती, पोट आत ओढलं जात होतं, फक्त हवा आत जात नव्हती. नाकाशी हात धरला. काही नाही. दार लावलेल्या खोलीत कुणी आतून ढकलत असावं तसं. मी त्याला हलवणार एवढ्यात मोठा घुरका आला, डोळे उघडले, मिटले आणि पुन्हा घोरणं. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. तासाभरात किती वेळा झालं ते मोजणं सोडून दिलं.

उठल्यावर विचारलं, "झोप लागली?"

"कुठली गा. डोयाले डोया नाही लागला."

तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच माहीत नाही. जो माणूस साऱ्या वस्तीला श्वास पाहायला शिकवतो, त्याचा स्वतःचा श्वास झोपेत थांबतो आणि तो न पाहताच जागा होतो. म्हणून झोप नाही. म्हणून दिवसा डुलकी. रातपाळी नाही, ध्यान नाही, आणि नुसतं वयही नाही.

मी स्वयंपाकघरात धावत जाऊन शोभाला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "हे तुमाले आज समजलं?" आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

मी प्राणिशास्त्र शिकवतो. बेडकाचं श्वसन मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. शोध लागल्याचा आनंद मला ओळखता येतो, आणि आज तो झाला. लगेच लाजही वाटली. ज्याचा आनंद झाला ते माझ्या बापाचं गुदमरणं आहे. तरी आनंद गेला नाही, हे लिहून ठेवतो.

२१ एप्रिल, शनिवार

मोठ्या दवाखान्यात छातीच्या विभागात डॉ. अरुंधती देव भेटल्या. पस्तिशीच्या असाव्यात. बाहेरगावी शिकून नुकत्याच परत आल्यात. त्यांनी बाची आखूड, जाड मान पाहिली, घसा पाहिला आणि मला बोलू दिलं. मी बोलतच राहिलो. त्या ऐकत होत्या, मध्येमध्ये मान हलवत होत्या. मला तोंडी परीक्षेत पास होत असल्यासारखं वाटत होतं.

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना दोन आजार आहेत. वय वाढलं की झोप पातळ होते. घशाचे स्नायूही सैल पडतात. श्वास अडला की मेंदू जागं करतो, आणि एकदा जागा झालेला म्हातारा माणूस लवकर झोपत नाही. मग त्याला वाटतं, आपल्याला झोपच नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं. एक आजार दुसऱ्याला झाकून ठेवतो."

"आणि गोळी?"

"बंद करा. गोळीनं घसा आणखी सैल होतो आणि जागं करणारा मेंदू सुस्त होतो. यांना जागं होणंच वाचवतंय."

बाने विचारलं, "मंग विलाज काय बाई?"

त्यांनी लपवलं नाही. फारच वाढलं तर गळ्याला भोक पाडून नळी बसवतात. श्वास मोकळा होतो, पण नळी उघडी असताना आवाज निघत नाही. परदेशात नाकातून हवा सोडणारं यंत्र करून पाहताहेत असं त्यांनी वाचलंय, ते इथे कधी येईल ठाऊक नाही. त्याआधी साधे उपाय करून पाहू: उताणं झोपायचं नाही, डोकं उंच ठेवायचं, दिवसा झोपायचं नाही आणि रात्री झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जायचं. तीन आठवड्यांनी पुन्हा पाहू.

बाने गळ्यावर हात ठेवला. "आवाज गेला तं वंदना कोन सांगन? भोक नाही."

मी आणखी लक्षणं सांगितली. रात्री बा उठून फिरतो, माझ्या खाटेजवळ येतो, विनाकारण माझा खांदा हलवतो, "कुशी बदल" म्हणतो. भ्रम होत असेल का? डॉ. देव यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला सकाळी डोकं जड असतं का?" असं काहीतरी त्या विचारू लागल्या. मी म्हटलं, अहो, अशा काळजीत कुणाचं नसेल, आणि उशांची उंची किती ठेवावी ते विचारलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमच्या पत्नीला पाठवा." बाच्या खाण्यातलं मीठ कमी करायचं असेल.

घरी येताना वाटलं, मी त्यांना पुरतं बोलू दिलं नाही. उत्साहात हा माझा दोष आहे.

२४ एप्रिल, मंगळवार

प्रयोग सुरू. पहिली अडचण बाजेची. तिचा सुंभ इतका सैल झाला आहे की कुशीवर झोपलेला माणूस आपोआप मधल्या खळग्यात उताणा होतो. बाज अंगणात काढली, बाला लाकडी तखत दिला, डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्या.

"मले घसरगुंडीवर झोपवून राहिला काय गा?" बाने विचारलं.

तरी तो उताणा होतोच. रात्रभर त्याला कोण हलवणार? तेव्हा युक्ती सुचली, आणि सुचली तेव्हा मी जेवणाच्या ताटावरून उठलो. पाठीला काहीतरी टोचत राहिलं तर माणूस उताणा होणार नाही. बाची सुती बंडी. तिला पुढे दोन खिसे असतात, सुपारीला आणि पैशांना. एक खिसा पाठीवर लावला तर?

शोभा म्हणाली, "त्यात काय ठेवान?"

घरात कवठ होतं. तेच घातलं.

२५ एप्रिल, बुधवार

कवठ चुकीचं. रात्री बा ओरडला, "काहून मारून राहिला गा मले?" मी जागा झालो तर तो बंडी काढून कवठ हातात घेऊन बसलेला. आज शोभाने त्याची चटणी केली. बाने दोनदा मागून घेतली. "रातचा बदला," म्हणाला.

सक्करदऱ्याच्या बाजारातून रबरी चेंडू आणला. दुकानदाराने विचारलं, पोराला का? मी म्हटलं, वडिलांना.

३० एप्रिल, सोमवार

चेंडू जमला.

बा कुशीवर राहतो. दुपारी त्याला झोपू देत नाही, शोभा त्याच्यापुढे निवडायला तूर ठेवते आणि गप्पा मारते. काल विहारात डोळे जड झाले पण घोरला नाही. श्रीधर मागे बसला होता. बैठक संपल्यावर त्याने मला हळूच सांगितलं, "सर, कवडूआज्याचीच वंदना बरी. माह्या आवाजात पोट्टे ऐकत नाहीत." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

मी मात्र गळून जातोय. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दुपारी खुर्चीत झोप लागते, प्यून हलवून उठवतो. प्रयोग करणाऱ्याने प्रयोगाचा इतका ताण घेऊ नये.

४ मे, शुक्रवार

आज प्रयोग मोडला, आणि मला वाटलं होतं त्या जागी नव्हे.

सकाळी चेंडू अंगणात सापडला. बंडी खुंटीला. बा तखतावर मांडी घालून बसलेला, डोळे लाल.

"बा, बंडी काहून काढली?"

त्याने पाय खाली सोडले. मग म्हणाला, "परवा मी रातभर झोपलो. एकदाच उठलो. कोंबड्याच्या आवाजानं जाग आली."

"मग चांगलंच झालं ना."

"काय चांगलं? सारी वस्ती म्हणते, कवडू रातभर जागते, ध्यान करते. आन मी घोरत कुशीवर, पाठीवर पोट्ट्यायचा चेंडू बांधून. लोकायले काय सांगू?"

 मीच तर कॉलेजात सांगत फिरलो होतो. म्हणजे बाला झोपू न देणारा एक आजार घशात होता, दुसरा म्हातारपणाच्या पातळ झोपेत, आणि तिसरा आमच्या आदरात. डॉ. देव यांना हा तिसरा माहीत नाही.

शोभा झाडू घेऊन आत आली. "मामाजी, सांगा का झोपलो म्हणून. त्यात काय लाज? तुमच्यासंगं रातभर जागाले बुद्ध नाही आला, मच्छर आले."

बा हसला. मग माझ्याकडे बोट दाखवून तिला म्हणाला, "मी झोपलो तं याच्याकडं कोन पाहीन वं?"

शोभा म्हणाली, "मी पाहीन."

बापाला शेवटपर्यंत मुलाची काळजी वाटते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बा, माझी चिंता सोड, मी ठणठणीत आहे. शोभाने बाकडे पाहिलं आणि ती झाडायला लागली.

चेंडू धुऊन खिशात ठेवला. रात्री बाने स्वतः बंडी मागितली.

१२ मे, शनिवार

डॉ. देव यांच्याकडे शोभा बाला घेऊन गेली. मी पेपरांत अडकलो होतो. बराच उशीर केला त्यांनी. आल्यावर विचारलं तर शोभा म्हणाली, "मामाजीचं चांगलं हाय. भोक नाही पाडाचं, असंच चालू ठेवाचं."

"आणि मीठ?"

"मिठाचं काही नाही म्हटलं." मग शिवणाचं यंत्र उघडून बसली. हिवाळ्यापासून ती स्वयंपाकघरात झोपते, घोरणं सहन होत नाही म्हणते. मी म्हटलं, आता बा घोरत नाही, तू बाहेरच्या खोलीत ये. ती म्हणाली, "थांबा जरा, आणखी काही दिवस."

भोक नाही. हे तीनदा मनात म्हटलं. आता फक्त मंगळवार.

१५ मे, मंगळवार, बुद्ध पौर्णिमा



विहार भरून बाहेर मांडव. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, पोट्टे पुढे. भंतेजी बाजूला बसले. बा पुढे बसला, पांढरी टोपी नीट करत. गणपतराव दाराशी उभे, श्रीधर मागे तयार. 

बाने त्रिसरण, पंचशील सांगितलं. मिलच्या मागांवरून ओरडून कमावलेला तो आवाज मांडवाबाहेर गेला. मग बैठकीआधी तो थांबला. हे ठरलेलं नव्हतं.

"एक गोष्ट सांगतो," तो म्हणाला. "तुमी म्हणत होते, कवडू रातभर ध्यान करते. मलेबी तसंच वाटत होतं. ते ध्यान नव्हतं, बिमारी होती. झोपेत माहा श्वास अडकत होता, आन मले वाटे मी जागृत झालो. आता मी पाठीवर चेंडू बांधून झोपतो."

पोट्टे हसले. बाही हसला.

"हसा. पन आपल्या घरी जो म्हातारा रातभर जागते, दिवसा डुलते, त्याले वय झालं म्हणून सोडू नका. ध्यानी म्हणून पायाबी पडू नका. त्याचा श्वास पाहा. सोताचा पाहता ना, तसा त्याचा पाहा."

भंतेजींनी मान हलवली. गणपतराव चष्मा पुसत होते. बा म्हणाला, "आता डोळे मिटा."

बा शेवटपर्यंत जागा राहिला. हे मला शोभाने, श्रीधरने, गणपतरावांनी, सगळ्यांनी सांगितलं, कारण माझं म्हणाल तर आज मला असं ध्यान लागलं जसं आयुष्यात लागलं नव्हतं. डोळे मिटले आणि बैठक संपली. मध्ये काही नाहीच. डोळे उघडले तेव्हा पोट्टे हसत होते आणि अर्धा मांडव माझ्याकडे पाहत होता. बापाचा असा दिवस पाहून मुलाच्या चेहऱ्यावर काय असतं, ते पाहत असावेत. मीही हसलो. बाचा हात माझ्या खांद्यावर होता. तो कधी उठून माझ्याजवळ आला, कळलंच नाही.

गणपतराव निघताना म्हणाले, "कवडूबा, पुढच्या रविवारी तुमीच. आन सर, तुमी जरा भितीले टेकून बसत जा." मोठेपणाने केलेली थट्टा आहे. आज सगळं गोड लागतंय.

रात्री शोभाने शिवलेल्या बंड्या बाहेर काढल्या. दोन आहेत, दोन्हींना पाठीवर खिसा, दोन्हींत चेंडू. एक बाला बरोबर बसली. दुसरी मी त्याच्या अंगाला लावून पाहिली तर तो तिच्यात दोनदा मावेल एवढी रुंद, आणि लांबीलाही वीतभर जास्त.  बाने ती घडी करून माझ्या उशाशी ठेवली. शोभासारखी बाई मापात चुकत नाही, म्हणून नवल वाटतं. ती आज आपलं अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत घेऊन आली आणि माझ्या आधी झोपली, तिला उठवत नाही.

उद्या: दुसऱ्या बंडीचं माप कुणाचं घेतलं, ते शोभाला विचारणे.